बोलीवरून गाव, पॅकेटवरून मशीन

आमच्या हिंगोलीचा माणूस पुण्यात दहा वर्षं राहिला, आयटीत लागला, कॉलवर अगदी छापील मराठी बोलायला शिकला, तरी घरून फोन आला की दुसऱ्याच वाक्याला पकडला जातो. "काय करायलास?" "काही नाही, जेवायलो." संपलं! शेजारी बसलेल्या पुणेकराला लगेच कळतं की गडी मराठवाड्याचा. पुणेकर असता तर "जेवतोय" म्हणाला असता. आणि आमच्याकडूनच पैनगंगा ओलांडून वाशिमकडे गेलात, तर तिथला माणूस "जेवून राहिलो" म्हणेल. तिघंही मराठीच बोलतायत, तिघांचंही जेवण चालू आहे, अर्थात काडीचा फरक नाही. पण एका क्रियापदाने गाव सांगून टाकलं.

गंमत अशी की "तू कुठला?" हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर गड्याने "पुण्याचा" असं ठोकूनही दिलं असतं.

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं (पंढरपूरकर वेगळं म्हणतात, तो वाद इथे नको). शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. लिपी गुरुमुखी, भाषा हिंदीच्या जवळची. पण मध्येच 'ले' लागलेली भूतकाळी रूपं येतात आणि मराठी वाचकाचे कान टवकारतात. इतकी शतकं गेली, इतका प्रवास झाला, लिपी बदलली, तरी बोली पुसली गेली नाही.

आज लिहायचंय ते मात्र कॉम्प्युटरबद्दल. दूर कुठेतरी एक मशीन आहे. त्याच्यावर लॉगिन नाही, पासवर्ड नाही, त्याला कधी पाहिलेलंही नाही. फक्त त्याचा आयपी अॅड्रेस माहीत आहे. त्याच्यावर विंडोज आहे, लिनक्स आहे, की तो मुळात कॉम्प्युटर नसून कोपऱ्यातला प्रिंटर आहे, हे इथे बसून कसं ओळखायचं? 'एनमॅप' नावाचं साधन हे करतं. आमच्या धंद्यात ते स्क्रूड्रायव्हरइतकं नेहमीचं आहे. ते कसं जन्माला आलं, ती हकिकत मला त्या साधनापेक्षाही जास्त आवडते.

सुरुवातीच्या काळात ओळख पटवायला काही विशेष करावं लागत नसे. मशीनला टेलनेट करायचं, की लॉगिन विचारायच्या आधीच ते स्वतः सांगायचं: मी अमुक कंपनीचं युनिक्स, आवृत्ती अमुक. एफटीपी सर्व्हरही तसाच बोलघेवडा. याला बॅनर म्हणतात. पण इंटरनेटवर उपद्रवी मंडळी वाढली तसे शहाणे अॅडमिन बॅनर बंद करू लागले, आणि जास्त शहाणे अॅडमिन खोटा बॅनर लावू लागले. म्हणजे "मी पुण्याचा" झालं! मग उरतं ते क्रियापद.

हे क्रियापद कुठून आलं ते समजायला १९८१ सालात जावं लागतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात टीसीपीचा मूळ नियमग्रंथ निघाला, आरएफसी ७९३. संपादक जॉन पोस्टेल. इंटरनेटवरच्या दोन मशीननी एकमेकांशी कसं बोलायचं, सुरुवात कशी करायची, निरोप कसा घ्यायचा, सगळं त्यात आहे. काम इतकं पक्कं होतं की २०२२ च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ९२९३ येईपर्यंत अधिकृत ग्रंथ तोच होता. पण कुठलाही नियमग्रंथ सगळंच सांगत नाही. पहिल्या पॅकेटमध्ये 'विंडो' किती मोठी जाहीर करायची? ज्याची त्याची मर्जी. पॅकेटचं आयुष्य मोजणारा टीटीएल कितीपासून सुरू करायचा? तीही मर्जीच. म्हणून लिनक्स ६४ पासून सुरू करतं, विंडोज १२८ पासून, आणि सिस्कोचे बरेच राउटर २५५ पासून. कुठल्याही मशीनला पिंग करून बघा. उत्तरात टीटीएल ११७ दिसला तर मूळ १२८ असणार, वाटेत ११ राउटरनी एकेक कापला. घरबसल्या करता येण्यासारखी ही सगळ्यात सोपी ओळख.

शिवाय पोस्टेलसाहेबांनी त्या ग्रंथात एक तत्त्वही घालून दिलं होतं. स्वतः बोलताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं ऐकून घेताना मन मोठं ठेवा. सुसंस्कृत सल्ला आहे, यामुळेच इंटरनेट वाढलं. पण याचा अर्थ असा की समोरून काहीतरी वेडंवाकडं पॅकेट आलं तरी मशीनने जमेल तसं निभावून न्यायचं. आणि 'जमेल तसं' म्हणजे ज्याने तो कोड लिहिला त्या प्रोग्रॅमरच्या डोक्यात त्या दिवशी जे आलं तसं.

या फटींचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा सुरू झाला तो सरळ कॉलेजात. पर्ड्यू विद्यापीठातल्या डग्लस कोमर (यांच्या जाड पुस्तकावर आपल्यापैकी कितीतरी जणांनी नेटवर्क्सचा पेपर काढलाय) आणि जॉन लिन यांनी १९९४ साली एक निबंध लिहिला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीसीपीला बाहेरून डिवचून बघायचं आणि कोण कसं वागतं ते नोंदवायचं. सोर्स कोड हातात नसतानाही आतले दोष आणि सवयी कळतात, हे त्यांनी दाखवलं. हेतू शुद्ध शैक्षणिक होता, कुणाची घरं फोडायची नव्हती.

घरं फोडण्याचं काम दुसऱ्या बाजूने चालू होतंच, आणि ती हकिकत जरा सविस्तर सांगायला हवी.

टीसीपीत दोन मशीन बोलायला लागली की प्रत्येक जण आपला एक सुरुवातीचा क्रमांक सांगतो. समोरच्याने तो नीट ऐकून परत म्हणून दाखवला की संभाषण सुरू. आता समजा हा क्रमांक आधीच ओळखता आला तर? मग मी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने, म्हणजे खोट्या आयपीवरून, पॅकेट पाठवू शकतो. उत्तर माझ्याकडे येणार नाही, पण मला ते ऐकायची गरजच नाही, क्रमांक मला माहीत आहे! १९८५ साली रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने बेल लॅब्समध्ये असताना नेमकं हे लिहून ठेवलं, की ४.२ बीएसडी युनिक्सचे क्रमांक अंदाजाने सांगता येतात. (हाच तो मॉरिस, १९८८ च्या इंटरनेट वर्मचा.) लोकांनी वाचलं, "हो का" म्हटलं आणि कामाला लागले.

नऊ वर्षं गेली. १९९४ च्या नाताळात सॅन दिएगोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमधले संशोधक त्सुतोमू शिमोमुरा यांच्या मशीनवर याच युक्तीने हल्ला झाला. त्यांचं मशीन दर नव्या कनेक्शनला आधीच्या क्रमांकात बरोबर १,२८,००० मिळवत होतं. म्हणजे दोनतीनदा बोलून बघा, बेरीज करा, पुढचा क्रमांक तयार. हा हल्ला केव्हिन मिटनिकच्या नावावर आहे. पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये तो पकडला गेला, त्यावर पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला. कामाचं म्हणाल तर मे १९९६ मध्ये स्टीव्हन बेलोव्हिन यांनी आरएफसी १९४८ लिहून हे क्रमांक अंदाज न येण्यासारखे कसे करायचे ते सांगितलं. पण तेही सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने थोडंच केलं? कुणी ठरावीक बेरीज चालूच ठेवली, कुणी घड्याळाशी क्रमांक जोडला, कुणी पूर्ण यादृच्छिक केला. काही उपकरणं तर कायम एकच क्रमांक सांगत राहिली. झालं, सवयींची आणखी एक यादी तयार! भोक बुजवायची प्रत्येकाची तऱ्हा हीच त्याची नवी खूण ठरली.

आता फ्योदोर. खरं नाव गॉर्डन लायन, पण दस्तयेव्हस्कीच्या प्रेमात पडून हे टोपणनाव घेतलेला. १ सप्टेंबर १९९७ ला 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या ई-नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात त्याने एक प्रोग्रॅम छापला. साधारण दोन हजार ओळींचा, फक्त लिनक्सवर चालणारा, ज्याला आवृत्ती क्रमांकही नव्हता. (म्हणजे एनमॅप आणि मी साधारण एकाच वयाचे.) तो तेव्हा फक्त कुठले पोर्ट उघडे आहेत ते सांगायचा. ओएस ओळखायचे प्रयत्न इतर काही जण करत होते. त्यातलं 'क्वेसो' हे साधन महत्त्वाचं, कारण त्याने पहिल्यांदा खुणा प्रोग्रॅममधून काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या. नवी ओएस आली की कोड बदलायला नको, यादीत एक ओळ वाढवली की झालं. फ्योदोरने हे सगळं पाहिलं, आणि डिसेंबर १९९८ मध्ये एनमॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत ओएस ओळखण्याची सोय आणली. त्याच नाताळात, 'फ्रॅक'च्या ५४ व्या अंकात, त्याचा त्यावरचा लेख आला. तो लेख आजही वाचनीय आहे. आपल्याला काय सुचलं आणि दुसऱ्याकडून काय घेतलं, हे त्यात नावांसकट सांगितलंय. आपल्याकडच्या कितीतरी प्रोजेक्ट रिपोर्टांत हे सापडत नाही!

त्याच्या युक्त्या बघा. उघड्या पोर्टवर, कुठलंही संभाषण चालू नसताना, एकदम निरोपाचं 'फिन' पॅकेट पाठवायचं. म्हणजे ओळख ना पाळख, दार वाजवून "बरंय, निघतो" म्हणायचं. नियमग्रंथाप्रमाणे मशीनने याकडे दुर्लक्ष करायला हवं. पण विंडोज आणि इतर काही जण उलट 'रिसेट' पाठवून दार आपटायचे. दुसरी युक्ती अशी: बंद यूडीपी पोर्टवर पॅकेट टाकलं की मशीन "इथे कुणी राहत नाही" असा निरोप पाठवतं, आणि कुठल्या पॅकेटबद्दल बोलतोय हे कळावं म्हणून मूळ पॅकेटचा थोडा भाग परत जोडतं. किमान किती जोडायचा ते ठरलेलं आहे. बहुतेक जण तेवढाच जोडतात. लिनक्स आणि सोलॅरिस जास्त जोडायचे.

तिसरी गोष्ट टीसीपीच्या 'ऑप्शन्स'ची. कनेक्शन सुरू करताना मशीन काही जादा गोष्टी सांगतं, उदाहरणार्थ मोठ्यात मोठं पॅकेट किती, टाइमस्टॅम्प आहे का, वगैरे. त्या कुठल्या क्रमाने लिहायच्या यावर बंधन नाही. आजचं लिनक्स आधी सेगमेंटचा आकार सांगतं, मग सॅकची परवानगी, मग टाइमस्टॅम्प, मग विंडो स्केल. विंडोज आकारानंतर विंडो स्केल सांगून मोकळं होतं, आणि सॅक, टाइमस्टॅम्प मागून. अर्थ तोच! जेवायलो आणि जेवतोय. माझं सगळ्यात लाडकं उदाहरण हेच, कारण यात चूक कुणाचीच नाही. दोघंही नियमात आहेत आणि तरीही दोघं ओळखू येतात.

आणखी एक युक्ती होती, तिचं पुढे जे झालं ते फारच मजेदार आहे. टीसीपीच्या हेडरमध्ये काही बिट राखून ठेवलेले होते, कुणी वापरायचे नाहीत. फ्योदोरच्या यादीतली एक चाचणी अशी, की त्यातला ६४ किमतीचा बिट मुद्दाम चालू करून पाठवायचा. २.०.३५ च्या आधीची लिनक्स कर्नल तो बिट भोळेपणाने उत्तरातही तसाच ठेवायची. इतर जण काढून टाकायचे. छान खूण! पण २००१ साली आरएफसी ३१६८ आला आणि नेमका तोच बिट 'ईसीएन' या कामासाठी अधिकृतपणे वापरात आला. नेटवर्कवर गर्दी झाली की पॅकेट फेकून देण्याऐवजी खूण करून कळवायचं, अशी ही योजना. तोपर्यंत अनेक फायरवॉलवाल्यांनी ठरवून टाकलं होतं, की हा बिट चालू असलेलं पॅकेट म्हणजे कुणीतरी स्कॅन करतंय, टाका बाहेर. परिणाम काय? २००१ मध्ये ईसीएन चालू केलेल्या लिनक्सवाल्यांना काही वेबसाइट उघडेचनात. त्या बिटचं अधिकृत काम सुरू व्हायच्या आधीच तो बदनाम झाला होता.

एनमॅपने पुढे ही चाचणी ईसीएनच्या रीतसर चाचणीत बदलून घेतली. डिसेंबर २००६ मध्ये ४.२० या आवृत्तीत ओएस ओळखण्याचा सगळा भागच नव्याने आला, यादीही पहिल्यापासून पुन्हा जमवली. आज तो जास्तीत जास्त १६ पॅकेट पाठवतो. त्यातली पहिली सहा बरोबर १०० मिलिसेकंदांच्या अंतराने, म्हणजे क्रमांक आणि टाइमस्टॅम्प कुठल्या वेगाने वाढतात ते मोजता येतं. उत्तरांचा एक ठसा बनवायचा आणि यादीतल्या काही हजार ठशांशी ताडून बघायचा. हे ठसे कुणा कंपनीने बनवलेले नाहीत. जगभरच्या लोकांनी आपल्या घरचे राउटर, ऑफिसातले प्रिंटर स्कॅन करून पाठवलेत. जुळलं तर जुळलं, नाहीतर "अचूक जुळणी नाही, पण ९४ टक्के अमुक वाटतंय" असं प्रामाणिकपणे सांगतो. हा प्रामाणिकपणा वाचणाऱ्यात हवा. ९४ टक्क्यांचा अंदाज रिपोर्टमध्ये 'आहे' म्हणून टाकणारे पाहिलेत.

(थोडं अवांतर. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' होऊ घातलीय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिथली पद्धत वाचली तेव्हा मला एनमॅपच आठवला. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर कशी गुरुत्वलहर येईल याचे असंख्य नमुने आधीच गणिताने काढून ठेवायचे, आणि आलेली लहर त्यांच्याशी ताडून बघायची. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पकडलेल्या पहिल्या लहरीच्या आकारावरून कळलं की एक विवर सुमारे ३६ सूर्यांच्या वजनाचं आणि दुसरं २९ च्या. फरक इतकाच की कृष्णविवराला आपण पॅकेट पाठवून डिवचू शकत नाही, ते बोलेल तेव्हाच ऐकायचं.)

तसं नुसतं ऐकण्याचं साधनही आहेच. पोलंडच्या मिखाल झालेव्हस्कीने २००० साली 'पीझिरोएफ' काढलं. ते एकही पॅकेट पाठवत नाही. तुम्ही एखाद्या साइटवर गेलात की तुमच्या पहिल्याच पॅकेटवरून ते तुमची ओएस सांगतं. स्कॅन करणाऱ्याची ओळख पटवायलाही हे बरं!

मे २००३ च्या 'मॅट्रिक्स रीलोडेड' सिनेमाचा उल्लेख केल्याशिवाय या विषयावर लिहायला बंदी आहे म्हणे, म्हणून करतो. त्यात ट्रिनिटी वीजकेंद्राच्या कॉम्प्युटरवर हल्ला करते तेव्हा पडद्यावर खराखुरा एनमॅप दिसतो, ओएस ओळखायच्या ऑप्शनसकट. पॉज करून वाचलंत तर दिसेल की तिलाही "अचूक जुळणी नाही" हेच उत्तर मिळालंय! सिनेमावाल्यांनी निदान इथे तरी खोटं दाखवलं नाही.

लपायचे प्रयत्न अर्थातच झाले. २००० साली मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी नेटवर्कच्या दारातच सगळ्या पॅकेटची बोली 'शुद्ध' करणारं यंत्र मांडलं. नील्स प्रोव्होसच्या 'हनीडी'ने तर कमाल केली. त्याने एनमॅपचीच ठशांची यादी उलटी वापरली. एकाच लिनक्स मशीनवर बसून तो एनमॅपला दहा विंडोज, पाच राउटर आणि दोन प्रिंटर असल्याचा भास करून द्यायचा. चोर फसून तिथे हात घालतो आणि आपण बघत बसतो.

हे सगळं तंत्र खऱ्या संकटात उपयोगी पडलं ते मार्च २००९ मध्ये. कॉन्फिकर या वर्मने तेव्हा विंडोजच्या एका भोकातून जगभरची लाखो मशीन धरली होती. तो आत शिरला की आपल्यामागून दुसरं कुणी येऊ नये म्हणून ते भोक स्वतःच बुजवायचा. म्हणजे मशीन बाहेरून दुरुस्त दिसणार. बॉन विद्यापीठातल्या फेलिक्स लेडर आणि टिलमन वेर्नर यांच्या लक्षात आलं, की कॉन्फिकरने बुजवलेलं भोक आणि मायक्रोसॉफ्टने बुजवलेलं भोक एका विशिष्ट प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देतात. पुन्हा तेच, बुजवायची तऱ्हा! १ एप्रिलला कॉन्फिकर काहीतरी करणार अशी हवा होती. ३० मार्चला ही तपासणी एनमॅपमध्ये येऊन लोकांच्या हातातही पडली. कुठल्याही मशीनपाशी न जाता सगळ्या ऑफिसातली आजारी मशीन शोधता येऊ लागली.

आपल्याकडचं बोलायचं तर जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल बंद पाडलं. ज्या भोकाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. कुठली मशीन राहिलीत हे बाहेरून विचारून बघायची एनमॅपची स्क्रिप्टही आलेली होती. मग १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ ला 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला. शॅडोपॅड या मालवेअरचे हुकूम सोडणारे सर्व्हर नेटवर्कवरच्या त्यांच्या वागण्यावरून हुडकायचे, आणि मग भारतातले कुठले पत्ते त्यांच्याशी बोलतात ते बघायचं, अशी त्यांची रीत. त्यात वीजक्षेत्रातल्या १० संस्था निघाल्या, पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांसह. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती. पेपरांत दोन दिवस धुरळा उडाला. पण मूळ अहवालातच लिहिलं होतं की मालवेअर आणि वीज जाणं यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. बोलीवरून माणूस कुठला ते कळतं. चोरी त्यानेच केली का, हे कळत नाही.

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगतो. मराठवाड्यातल्याच एका संस्थेचं नेटवर्क तपासायचं होतं, रीतसर लेखी परवानगी घेऊन. त्यांच्या यादीत सगळी मशीन विंडोज १० होती. एनमॅपने एकाला एक्सपी म्हटलं. एक्सपीला दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला बंद झालंय! तिथले एक काका म्हणाले, "सर, असं काही नाही आपल्याकडं." फिरत फिरत गेलो तर मागच्या आवारात हळदीच्या गाड्या तोलायचा भुईकाटा, आणि त्याच्या खोलीत धुळीत बसलेलं ते मशीन. काट्याचं सॉफ्टवेअर करून देणारा माणूस कधीच धंदा बंद करून गेला होता, नव्या विंडोजवर ते चालत नव्हतं. शेतकऱ्याची पावती त्यातूनच निघत होती, म्हणून बंदही करता येईना. शेवटी ते बाकीच्या नेटवर्कपासून तोडलं. "पण सर, तुम्हाला तिथं बसून कसं कळलं?" या काकांच्या प्रश्नाचं उत्तर देता देताच जेवायलो-जेवतोय सुचलं.

परवानगीचं मुद्दाम लिहिलं, कारण विद्यार्थी हमखास विचारतात. आपल्या २००० च्या आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये 'स्कॅन' हा शब्द नाही, परवानगीशिवाय प्रवेश हा आहे. कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सरकारने 'संरक्षित' जाहीर केलेल्या यंत्रणांसाठी कलम ७० नुसत्या प्रयत्नालाही दहा वर्षांपर्यंत कैद सांगतं. दार वाजवणं आणि घरात शिरणं यातला फरक कोर्टात वकिलाकडून समजावून घेण्यात अर्थ नाही. शिकायचं असेल तर घरचा राउटर आहे, किंवा 'स्कॅनमी' नावाचं मशीन एनमॅपवाल्यांनी त्यासाठीच उघडं ठेवलंय.

आता ही विद्या पूर्वीइतकी सोपी राहिली नाही. तुम्ही वेबसाइटच्या आयपीला पॅकेट पाठवता, उत्तर देतो तो क्लाउडवाल्याचा लोड बॅलन्सर. मागे काय आहे ते दिसतच नाही. घरोघरी राउटरच्या आड दहा उपकरणं. म्हणून ओळखणारे एक मजला वर चढले. २०१७ मध्ये सेल्सफोर्समधल्या तिघांनी 'जेए-थ्री' काढलं. तिघांचीही आद्याक्षरं जे. ए., म्हणून हे नाव. ब्राउझर सुरक्षित कनेक्शन उघडताना आपल्याला काय काय येतं याची यादी पाठवतो, त्या यादीतल्या गोष्टींवरून आणि क्रमावरून ओळखायचं. टीसीपी ऑप्शन्सचाच धाकटा भाऊ. मालवेअर पकडायला उपयोगी, आणि ब्राउझर असल्याचं सोंग करणारे बॉट पकडायलाही.

यावर गूगलच्या मंडळींनी जे केलं त्याचं कारण थेट त्या बदनाम बिटपर्यंत जातं. राखीव जागा कुणी वापरल्याच नाहीत तर मधली यंत्रं गृहीत धरतात की त्या कायम रिकाम्याच राहणार, आणि मग नवं काही आणता येत नाही. म्हणून 'ग्रीस' ही युक्ती, जानेवारी २०२० चा आरएफसी ८७०१. ब्राउझरने मधूनमधून मुद्दाम निरर्थक किमती टाकत राहायच्या, म्हणजे समोरच्याला अनोळखी गोष्टी सोडून द्यायची सवय राहील. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने पुढची पायरी गाठली आणि यादीतल्या एक्स्टेन्शन्सचा क्रमच दर वेळी पिसायला सुरुवात केली. पंधरा एक्स्टेन्शन्स धरली तरी सुमारे १ लाख ३० हजार कोटी क्रम होतात. एकाच क्रोमचे रोज इतके ठसे! जेए-थ्रीच्या याद्या रातोरात निकामी झाल्या.

त्याच वर्षी त्या तिघांपैकी जॉन आल्टहाउसने 'जेए-फोर' आणलं. उपाय अगदी शाळकरी आहे: ग्रीसच्या किमती गाळायच्या, आणि उरलेल्या एक्स्टेन्शन्स चढत्या क्रमाने लावून मगच ठसा काढायचा. क्रोम पुन्हा ओळखू यायला लागला.